नदीच्या वाळूतला नळ

माझी थोरली बहीण परिचारिका होती. लढाईच्या काळात तिने कलकत्त्याच्या एका लष्करी इस्पितळात नोकरी केली, फाळणीनंतर सियालदा स्टेशनावर उतरणाऱ्या निर्वासितांना पटकीची लस टोचली, आणि पुढे तीन-चार वर्षांनी एका डॉक्टरांच्या स्वयंसेवक पथकाबरोबर ती पूर्व आफ्रिकेत, टांगानिकाला गेली. पथक सहा महिन्यांसाठी गेले होते. बाकीचे परत आले. ताई आली नाही. रेल्वेपासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका खेड्यात पथकाने पत्र्याच्या शेडमध्ये दवाखाना उघडला होता. तो बंद करायचा की नाही याचा निर्णय कुणीच घेतला नाही. त्यामुळे तो चालू राहिला, आणि ताई तो चालवत राहिली.

पहिल्या रजेवर ती आली तेव्हा हिवाळा होता. आम्ही भवानीपूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वडील खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या कचेरीत होते आणि मी एस्प्लनेडजवळच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक. ताई काळवंडली होती आणि दर जेवणाआधी तांब्यातले पाणी काचेच्या पेल्यात ओतून उजेडाकडे धरून बघायची तिला सवय लागली होती. आईला ते आवडत नसे.

"घरचं पाणी आहे ते," आई म्हणे.

"बघू दे गं. हात आपोआप जातो."

वडिलांनी तिला विचारले, झाले तेवढे पुरे नाही का. ताईने नीट समजावून सांगितले. गावात एक डबके होते. गुरे त्यातच उतरत आणि माणसे त्यातलेच पाणी पीत. दवाखान्यात येणारी निम्म्याहून अधिक माणसे पोटाच्या दुखण्याची.

"मी जुलाब थांबायची गोळी देते," ती म्हणाली, "आणि ती गोळी ते त्याच पाण्याबरोबर घेतात."

"मग उपाय काय?"

"पाणी. चांगल्या पाण्याची कायमची सोय झाली तर उरलेलं काम कुणीही शिकलेला माणूस करील. मग मी येते परत."

आई पोळी वाढत होती. ती थांबली. "येतेस?"

"येते."

"कायमची?"

"हो गं. कायमची."

आईने पोळी तिच्या पानात घातली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले, त्या गावाला पाणी द्यायचे तर काय काय लागते.

आईचे माहेर काशीचे. सार्वजनिक कामाची तिला हौस नव्हती. महाराष्ट्र मंडळात ती हळदीकुंकवापुरती जाई आणि लवकर उठे. त्या वर्षीच्या गणपतीत मात्र ती आरतीनंतर उभी राहिली आणि ताईच्या दवाखान्यासाठी, तिथल्या पाण्यासाठी म्हणून औषधे, जुनी धोतरे आणि चहाची रिकामी खोकी द्या, असे तिने लोकांना सांगितले.

मंडळाचे चिटणीस विनोदी होते. ते म्हणाले, "वहिनी, आफ्रिकेला पाणी पाठवताय, पाठवा. पण वाटेत आमच्या तिसऱ्या मजल्यावर थोडं चढतंय का बघा."

सगळे हसले. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. "सियालदाच्या फलाटावर अजून माणसं झोपताहेत," त्या म्हणाल्या. "ती दिसत नाहीत का आपल्याला? इतक्या लांबचं काय घेऊन बसलात?"

प्रश्न रास्त होता. आईने त्याला सेवा, माणुसकी असे काही उत्तर दिले नाही. "तिथं माझी मुलगी आहे," ती म्हणाली.

त्या बाईंनी पुढे सर्वांत जास्त धोतरे आणून दिली.

त्यानंतरची चार-पाच वर्षे आमच्या घराला फिनेलचा वास येत राहिला. आई जुनी धोतरे उकळून, वाळवून त्यांच्या पट्ट्या फाडी. डॉक्टरांच्या घरी नमुन्यादाखल येणाऱ्या गोळ्या ती घरोघर जाऊन गोळा करी. ब्लीचिंग पावडरच्या डब्यांची झाकणे मेणाने बंद करी. बदलीवर आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या बायका मदतीला येत, त्यांना काम समजते न समजते तोच त्यांची बदली होई आणि आई नव्या बायकांना पहिल्यापासून शिकवी. चहाच्या प्लायवूडच्या खोक्यांत हे सगळे भरले जाई. कलकत्त्याहून तागाची पोती घेऊन टांगानिकाच्या दार-एस-सलाम बंदराला जाणारी जहाजे असत. त्यातल्या एका कंपनीने धर्मादाय म्हणून आमची खोकी फुकट न्यायचे कबूल केले होते. वडिलांच्या नोकरीचा आम्हाला काही फायदा झाला, असे म्हणता येणार नाही. आपल्या घरची खोकी सर्वांआधी आणि सर्वांदेखत उघडून तपासली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट असे. आईने मेणाने बंद केलेली झाकणे तिथे उघडली जात आणि संध्याकाळी वडील घरी आले की ती त्यांच्याशी बोलत नसे.

माझा वाटा लहान होता. मी आमच्या दैनिकात या कामाबद्दल चार ओळींची बातमी लिहून मुख्य उपसंपादकांपुढे ठेवली. ते बंगाली होते, कामात कडक आणि स्वभावाने चांगले.

"टांगानिका," त्यांनी वाचले. "किती गेले?"

"कुणी गेलं नाही. पाण्याची अडचण आहे."

"अडचण कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग ती बातमी कशी?" त्यांनी कागद परत दिला आणि थोड्या वेळाने खिशातून पोटाच्या गोळ्यांची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही पाठव. मला लागू पडत नाही, त्यांना पडली तर बघ."

लोकांना वाटे की आईला समाजकार्याची ओढ लागली. मंडळात तिचा एकदा सत्कारही झाला. तिने नारळ घेतला आणि घरी येऊन तो फोडून चटणी केली. ती काय करते आहे हे घरात आम्हा सर्वांना ठाऊक होते. ती मुलीला परत आणत होती.

पाण्याचा प्रश्न कसा सोडवायचा याबद्दल कुणाला शंका नव्हती. कलकत्त्यात पाणी म्हटले की ट्यूबवेल. त्या दिवसांत जादवपूरकडे निर्वासितांच्या वसाहती उठत होत्या आणि दर चार झोपड्यांमागे एक हातपंप बसत होता. त्याला यंत्र लागत नसे. बांबूची घोडी उभारायची, एक लोखंडी नळ उभा धरायचा, त्याच्याभोवती खड्डा करून त्यात शेणपाणी ओतायचे. दोन माणसे बांबूची तरफ दाबून नळ वरखाली करीत आणि तिसरा घोडीवर बसून नळाच्या तोंडावर तळहात ठेवी. नळ वर आला की हात घट्ट दाबायचा, खाली गेला की उचलायचा. तेवढ्याने खालचा चिखल नळातून उसळून बाहेर पडे आणि नळ आपल्या वजनाने जमिनीत उतरत जाई. पाणी धरणारी वाळू लागली की ती अडवायला आत पितळी जाळीचा तुकडा सोडायचा, वर पंप बसवायचा. बंगालच्या गाळाच्या जमिनीत एखाद-दोन दिवसांत पाणी हाती येई.

ताईने त्या पहिल्याच रजेत, परत जायच्या आत, हे शिकायचे ठरवले. मी तिच्याबरोबर जादवपूरला गेलो होतो. तिने साडीचा कासोटा घातला आणि घोडीवर चढली. नळ घालणारा मिस्त्री खालून तिला बंगालीत चिडवत होता.

"दिदिमणी, सुई टोचणं निराळं. इथे हात सोलून निघेल."

"निघू दे."

"आणि नळ थांबला की शिव्या द्याव्या लागतात. त्याशिवाय उतरत नाही. येतात का?"

"मराठीत येतात. चालतील?"

"नळ बंगाली आहे," मिस्त्री म्हणाला, "पण घाबरेल बहुतेक."

संध्याकाळी तिचा उजवा तळहात लाल झाला होता आणि अंगावर डोक्यापासून पायापर्यंत चिखल होता. एरवी मुलीने चारचौघांत कासोटा घालून बांबूवर बसणे आईने खपवून घेतले नसते. त्या दिवशी मात्र तिने तळहाताला खोबरेल लावले आणि विचारले, "जमलं?"

"जमलं."

दोन पंप, नळ, पितळी जाळ्या आणि चामड्याचे वॉशर असे सगळे सामान घेऊन ताई जहाजावर चढली. आईने कॅलेंडरवर काही खूण वगैरे केली नाही. पण पुढच्या बाजूची खोली, जिथे अडगळ ठेवत असू, ती रिकामी करायला तिने मला सांगितले. ताईला लागेल म्हणून.

तीन महिन्यांनी पत्र आले. वडिलांनी ते मोठ्याने वाचले. नळ माणसाच्या उंचीच्या दुप्पट गेला आणि थांबला. लोखंडावर लोखंड आपटावे तसा आवाज झाला. तिने गावात तीन ठिकाणी प्रयत्न केला. तिन्ही ठिकाणी तेच. खाली खडक होता. एका नळाचे टोक वाकले.

"खडक," वडील म्हणाले. त्यांनी तो शब्द परदेशी असावा तसा उच्चारला.

त्याच आठवड्यात मंडळात एक नवे गृहस्थ आले होते, बँकेत अधिकारी, साताऱ्याहून नुकतेच बदलून आलेले. वडिलांनी त्यांना सहज ही हकिकत सांगितली.

"किती खोल गेला म्हणता?"

"बारा-तेरा फूट असेल."

"मग सुरुंग लावा की."

"कसले सुरुंग?"

"विहिरीला, आणखी कशाला! आमच्याकडे सुरुंगाशिवाय विहीर ऐकलीय का कुणी? आधी बघायचं, खाली कातळ आहे का." ते वडिलांकडे बघत राहिले. "तुमचं मूळ गाव कुठलं?"

"वाईजवळचं."

"वाईजवळचं! आणि नळ पाठवलात? अहो, तिथं पोरं पाळण्यातून उतरली की दगडावरच पडतात."

"मी वाई पाहिलेली नाही," वडील म्हणाले.

खरे होते. त्यांचे वडीलही कलकत्त्यातच वाढले. आमच्यापैकी कुणी आयुष्यात जमीन खणताना दगड लागलेला पाहिला नव्हता. या शहरात खाली गाळ, त्याखाली गाळ. घरे विटांची, मैदानापलीकडचा फोर्ट विल्यमसुद्धा विटांचा. रस्त्याची खडी बाहेरून रेल्वेने येते. आमच्या घरात मोठा दगड एकच होता, तो म्हणजे पाटा. जादवपूरच्या मिस्त्रीला आम्ही कशाबद्दलही विचारायचे बाकी ठेवले नव्हते, फक्त खडक लागला तर काय, हे कुणालाच सुचले नाही. त्या गृहस्थांनी ही गोष्ट मंडळात बरेच दिवस सांगितली. दगड विसरलेले मराठे, असे ते आम्हाला म्हणत. वडील हसत. आई हसत नसे. तिच्या दृष्टीने प्रश्न दगडाचा नव्हता. पुन्हा वाट बघायची होती.

सुरुंगाची दारू खोक्यात घालून पाठवता येत नव्हती. आईने एक दिवस वडिलांना तसे विचारूनही पाहिले.

"तू कस्टम्समधल्या माणसाला विचारते आहेस," वडील म्हणाले.

"नवऱ्याला विचारते आहे."

"दोघांचं उत्तर एकच."

उत्तर शेवटी तिकडूनच आले. गावापासून अर्ध्या कोसावर एक नदी होती. वर्षातले सहा-सात महिने ती कोरडी असे, नुसती वाळू. त्या महिन्यांत बायका त्या वाळूत खड्डे खणून खालचे पाणी काढत. ते खड्डे गुरांनी तुडवलेले आणि घाण असत, म्हणून ताईने त्यांच्याकडे लक्ष दिले नव्हते. खडकाचा आवाज ऐकून वैतागलेल्या त्या बायकांनीच तिला नळासकट तिथे नेले. वाळूत नळ जादवपूरइतकाच सहज उतरला. जाळी बसवली, पंप बसवला. पहिल्यांदा गढूळ, मग स्वच्छ पाणी आले. ताईने लिहिले होते की खेड्यातल्या मुलांनी दिवसभर पंप मारला आणि थांबायला सांगितले तरी कुणी थांबेना.

आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून संदेश ही बंगाली मिठाई आणवली आणि मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांत वाटली. पुढची खोली तिने चुन्याने रंगवून घेतली. नगरपालिकेच्या इस्पितळात ओळखीच्या मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, होत्या. त्यांच्याकडे जाऊन तिने ताईसाठी जागेची चौकशी केली. रात्रपाळी नसलेली जागा मिळेल, असे त्या म्हणाल्या. हे सगळे तिने ताईला कळवले. ताईचे उत्तर तिकडच्या पावसाळ्यानंतर आले. नदीला पूर आला होता. पंप आणि वरचे नळ तिने आणि गावकऱ्यांनी आधीच उपटून दवाखान्यात आणून ठेवले होते, त्यामुळे ते वाचले. जाळी वाळूत गेली. आता नदी आटली की पुन्हा नळ घालायचा. जाळी पाठवा.

"म्हणजे दर वर्षी?" आईने विचारले.

"नदी दर वर्षी आटते," वडील म्हणाले.

त्यानंतर दर वर्षी आम्ही जाळ्या पाठवल्या. खोक्यांचे काम अंगवळणी पडले होते. मला त्यात काही वाटेनासे झाले होते, एवढे मात्र आठवते. नोकरीवरून येताना बाजारातून वॉशर आणायचे, खोक्यांवर पत्ता रंगवायचा, आई सांगेल त्या घरी जायचे. जहाज गेले की दोन दिवस घरात मोकळे वाटे, मग पुन्हा कुणीतरी धोतरांचे गाठोडे आणून दारात ठेवी. आईचे गुडघे दुखू लागले होते. ती जिन्यावर मधल्या वळणावर बसून घेई आणि मग वर येई. रंगवलेल्या खोलीत हळूहळू खोकी आली.

ताई पुन्हा रजेवर आली तेव्हा हिवाळाच होता. तिकडे पाऊस चालू होता आणि नळ दवाखान्यात होते. तिच्या आवाजात एक सावकाशपणा आला होता. मराठी बोलताना मधेच ती शब्दासाठी थांबे. आठ दिवस असेच गेले. मग एका दुपारी आम्ही सगळे पट्ट्या गुंडाळत बसलो होतो, तेव्हा आईने विचारले.

"नळ घालायला तुझ्याशिवाय कुणी नाही का तिथं?"

"आहेत की."

"कोण?"

"दोन भाऊ आहेत. आणि त्यांची आई, ती घोडीवर बसते. गेल्या वर्षी मी तापाने पडले होते. त्यांनीच घातला."

"नीट घातला?"

"माझ्यापेक्षा बरा."

वडिलांनी गुंडाळी खाली ठेवली. आई गुंडाळत राहिली. "आणि गोळ्या?"

"एक मुलगी शिकलीय. टाके सोडून सगळं येतं तिला."

"मग झाली की सोय," आई म्हणाली.

ताईने हातातल्या पट्टीची कड सरळ केली.

"तू म्हणाली होतीस, पाण्याची सोय झाली की येते."

"म्हणाले होते."

"कायमची म्हणाली होतीस. मी विचारलं होतं तुला."

"हो."

"मग?"

ताईने हातातली पट्टी संपेपर्यंत गुंडाळली आणि तिला टाचणी लावली. "मला यायचं नाही, आई," ती म्हणाली.

"मग तेव्हा पाण्याचं कारण कशाला सांगितलंस?"

"तेव्हा ते खरं होतं."

"आणि मी इतकी वर्षं दारोदार हिंडले ते?"

"त्या पाण्याने माणसं जगली, आई."

"मी माणसांसाठी हिंडले नव्हते," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळाने आतून पाट्यावर वरवंट्याचा आवाज येऊ लागला. वडील ताईला म्हणाले, "तिला माहीत होतं. मागच्या दोन वर्षांपासून. तरी तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं." ताई रडली नाही. तिने दुसरी पट्टी घेतली.

मला वाटले होते, आई आता हे काम टाकून देईल. तिने निम्मे टाकले. दारोदार जाणे बंद केले आणि मंडळात सांगायचे काम माझ्यावर सोपवले. पट्ट्या मात्र ती फाडत राहिली. मेट्रनबाईंना तिने स्वतः जाऊन सांगितले की जागा दुसऱ्या कुणाला द्या. पुढची खोली बँकेतल्या एका तरुण मराठी कारकुनाला पोटभाडेकरू म्हणून दिली आणि खोकी व्हरांड्यात आली.

मालवाहू जहाजावर चार-दोन उतारूंची सोय असे. ताई त्यानेच परत जाणार होती. आई आजवर गोदीत कधी आली नव्हती, पण त्या दिवशी ती आमच्याबरोबर निघाली. गुडघ्यांमुळे टॅक्सी करावी लागली. धक्क्यावर पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत आम्ही पोचलो. वडील सवयीने खोक्यांपाशी गेले आणि तिथल्या माणसाला झाकणे उघडायला सांगू लागले. आई आणि ताई एका लोखंडी खुंटावर टेकून उभ्या होत्या. ताई आईच्या पदराला लागलेला तागाचा धागा काढत होती.

"काय गं," आई म्हणाली, "ते पाणी चवीला कसं आहे?"

"जरा मचूळ आहे."

"मग चहा कसा होतो?"

"साखर जास्त घालायची," ताई म्हणाली. "आधी दूध फाटतंय का बघायचं."

"आलं मिळतं?"

"नाही मिळत."

आई जहाजाकडे बघत राहिली. मग तिने मला हाक मारली आणि जवळपास कुठे सुंठ मिळेल का, ते बघून यायला सांगितले. जहाज सुटायला अजून अवकाश होता. मी गोदीच्या फाटकाबाहेरच्या दुकानात गेलो.